समुद्रावरचे पालाण : मराठ्यांच्या आरमारी गद्यातील उपमान-विचार

मालवणच्या किनाऱ्यासमोर, कुरटे बेटावर, सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ च्या नोव्हेंबरात झाली आणि १६६७ मध्ये किल्ल्याचे काम पुरे झाले. चहूकडे खारा समुद्र असलेल्या या बेटावर गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव ही त्यांची नावे. साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत ज्यांचा उल्लेख सापडणार नाही अशी ही तीन उपमाने होत. परंतु गद्यात उपमानाचे कार्य कोणते, या प्रश्नाचा विचार त्यांच्यापासून आरंभिणे सोयीचे आहे. क्षाररहित पाण्यास मराठीत ‘गोडे’ म्हणतात तेव्हाच एक लक्षणा होऊन गेलेली असते, कारण त्या पाण्यात वस्तुतः साखरेची गोडी नसते. ही लक्षणा वापराने इतकी झिजली आहे की बोलणाऱ्यास तिची जाणीवही राहत नाही. साखरबाव या नावाने ती पुन्हा जागी होते. शिवाय दूध, दही आणि साखर हे तिन्ही पदार्थ पंचामृतातले. ज्या घरांतून हे शब्द आले त्या घरांत ते चवीइतकेच मोलाचे व पावित्र्याचे द्योतक होते. वेढा पडला असता पिण्याच्या पाण्याची किंमत काय असते, हे सांगण्यास निराळे वाक्य लागले नाही.

सतराव्या आणि अठराव्या शतकांतील मराठी गद्यलेखकांपुढे मात्र याहून अवघड काम होते. राज्य सह्याद्रीच्या आश्रयाने उभे राहिलेले. त्याचे बळ घोडदळात आणि डोंगरी किल्ल्यांत. समुद्र, जहाजे आणि पाण्यातले दुर्ग ही त्या राज्याच्या अनुभवात नव्याने पडलेली भर होती. ज्यांचा जन्म घोड्याच्या पाठीवर गेला त्यांना गुराब आणि गलबत यांचे महत्त्व पटवावयाचे, तर लेखकास तुलनेवाचून दुसरे साधन नव्हते. या तुलना बखरींत आहेत, पत्रांत आहेत, राजनीतीच्या ग्रंथातही आहेत. त्या सर्व एकाच जातीच्या मात्र नाहीत. काही तुलना अपरिचित वस्तूचे ज्ञान करून देतात. काही परिचित वस्तूची शोभा वाढवितात. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन कार्यांत भेद केला नाही, म्हणजे शोभेच्या तुलनेस तो पुरावा समजू लागतो आणि ज्ञान देणाऱ्या तुलनेस नुसता अलंकार समजून ओलांडून जातो. मराठ्यांच्या आरमाराविषयी लिहिताना या दोन्ही चुका वारंवार झालेल्या आहेत.

हा भेद आपल्या शास्त्रपरंपरेस अपरिचित नाही. केवळ तो दोन वेगळ्या शास्त्रांत विभागला गेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांच्या जोडीला उपमान हे चौथे प्रमाण मानलेले आहे. नगरवासी मनुष्याने गवय नावाचा प्राणी कधी पाहिलेला नसतो. वनवासी त्यास सांगतो की, गवय गाईसारखा असतो. पुढे अरण्यात तसा प्राणी दिसताच नगरवासी त्यास ओळखतो. येथे गाईची तुलना गवयाचे सौंदर्य वाढविण्यासाठी केलेली नाही. ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे त्याच्या आधाराने जे ठाऊक नाही त्याची ओळख घडवून आणणे, एवढेच तिचे प्रयोजन. याउलट अलंकारशास्त्रातील उपमा बहुधा अशा वस्तूची असते की जी श्रोत्याने पाहिलेली आहे. मुख आणि चंद्र दोन्ही परिचित. दोहोंतील साधारणधर्म कवी दाखवून देतो आणि रसिक आनंदित होतो. तेथेही शास्त्रकारांनी मर्यादा घातल्याच आहेत. वामनाने उपमेचे सहा दोष सांगितले : हीनत्व, अधिकत्व, लिंगभेद, वचनभेद, असादृश्य आणि असंभव. यांपैकी लिंग व वचन यांचे भेद व्याकरणाच्या शिस्तीचे आहेत. बाकीचे चार गद्यलेखकानेही ध्यानी ठेवण्याजोगे आहेत. उपमान उपमेयापेक्षा फार हलके असू नये, फार भारीही असू नये, दोहोंत खरे साम्य असावे, आणि जे संभवत नाही ते उपमान म्हणून आणू नये.

या दृष्टीने प्रथम कृष्णाजी अनंत सभासद याची बखर पाहावी. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून ती जिंजीच्या मुक्कामी, सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लिहिली गेली. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती पडला होता. राजा कोकणापासून शेकडो कोस दूर, तमिळ मुलखात. अशा स्थितीत सभासद शिवछत्रपतींच्या आरमाराचे वर्णन करतो. जहाजांचे प्रकार व त्यांचे सुभे सांगतो, दर्यासारंग आणि मायनाक भंडारी या सरदारांचा निर्देश करतो, पाण्यातल्या खडकांवर बांधलेल्या गडांचा उल्लेख करतो, आणि मग या सर्वांचा समारोप एकाच रूपकात करतो : गड आणि जहाजे यांच्या योगाने राजाने दर्यावर पालाण घातले.

हे रूपक प्रसिद्ध आहे. त्याचा उपयोग भाषणांत, पाठ्यपुस्तकांत आणि संशोधनपर लेखांतही होत आला आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘समुद्र जिंकला’ असा केला जातो. परंतु सभासदाने तसे म्हटलेले नाही. त्याच्या शब्दाची थोडी चौकशी केली पाहिजे. पालाण म्हणजे खोगीर. संस्कृत ‘पर्याण’ शब्दाचे हे मराठी रूप. खोगीर जनावराच्या पाठीवर चढविल्याने जनावर मालकाचे होते असे नाही, ते निवळते असेही नाही. त्यावर बसता येते, एवढेच. खोगीर घातलेला घोडाही उधळतो आणि स्वारास पाडतो, हे ज्यांच्यासाठी बखर लिहिली त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. खोगीर पाठीच्या एका विवक्षित जागी बसते. सर्व अंगावर पसरत नाही. सभासदाने गड आणि जहाजे ही दोन्ही एकत्र घेतली आहेत, यातही औचित्य आहे. गड स्थिर, जहाजे चल. एकाने पकड येते, दुसऱ्याने चाल येते. जसा तंग खोगिराला जागी धरतो आणि रिकीब स्वाराला आधार देते. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग ही ठाणी किनाऱ्यालगत आहेत, भर समुद्रात नव्हेत. रूपकाचा नेमका अर्थ घेतला तर त्यातून एवढेच निघते की, किनाऱ्याच्या एका पट्ट्यावर बसण्याजोगी जागा तयार झाली. इतिहासाची साक्षही अशीच आहे. जंजिऱ्याचा सिद्दी शिवछत्रपतींच्या हयातीत हटला नाही. १६७९ मध्ये मराठ्यांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला, इंग्रज व सिद्दी या दोघांनी विरोध केला, तरी खांदेरी टिकली; पण लगेच १६८० च्या आरंभी सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तेथे तटबंदी केली. समुद्र जिंकल्याचे हे चित्र नव्हे. उधळणाऱ्या जनावराच्या पाठीवर बैठक राखल्याचे मात्र निश्चित आहे.

घोडा आणि जहाज यांची सांगड घालणे ही मराठी लेखकांचीच कल्पना नव्हे. होमरच्या ओडिसीत पेनेलोपी जहाजांना समुद्रावरचे घोडे म्हणते, आणि उत्तर युरोपातील प्राचीन काव्यांतही अशी नावे आढळतात. फरक आहे तो वाटणीत. ग्रीक दर्यावर्दी होते. त्यांच्या रूपकात जहाज हा घोडा आहे, समुद्र ही नुसती वाट आहे. सभासदाच्या रूपकात खुद्द समुद्रच जनावर आहे, आणि जहाज त्याच्या साजाचा एक भाग. ज्याला समुद्राची सवय नाही त्याला समुद्राकडे पाहून प्रथम जाणवते ते त्याचे अनावरपण. म्हणून हे रूपक घाटावरच्या माणसाच्या मनातून निघालेले आहे, आणि म्हणूनच ते घाटावरच्या माणसास पटते. मालवणच्या गाबिताने ते योजिले असते की काय, याची शंका वाटते. त्याच्या दृष्टीने दर्या हे पालाण घालण्याचे जनावर नसून रोजच्या पोटाचे शेत आहे.

त्याच सभासदाची दुसरी तुलना याच्या अगदी उलट जातीची आहे. राजापुरीच्या सिद्दीचा विचार करताना तो त्यास घरातल्या उंदराची उपमा देतो. वामनाच्या निकषाने पाहिले तर येथे हीनत्वाचा दोष उघड दिसतो. कारण मोठ्या शत्रूस क्षुद्र प्राण्याच्या पंक्तीस बसविले आहे. पण काव्यात जो दोष तो राजकीय गद्यात कित्येकदा हेतू असतो. शत्रूला लहान करणे हेच येथे अभिप्रेत आहे. उंदीर बाहेरून चालून येत नाही. तो घरातच बिळ करून असतो, रात्री नासधूस करतो, हाती लागत नाही. जंजिऱ्याचा आश्रय घेऊन किनाऱ्यावरची गावे लुटणाऱ्या सिद्दीच्या कारवायांशी हे साम्य चांगले जुळते. तरीही या उपमेत एक गोष्ट न बोलता सांगितली गेली आहे, आणि अभ्यासकाचे लक्ष तिकडे जाणे अगत्याचे आहे. उंदीर म्हटला की घर आले, आणि घर म्हटले की घरधनी आला. सिद्दी उंदीर ठरताच कोकण हे राजाचे घर ठरते. वस्तुतः महाराजांची सत्ता उत्तर कोकणात १६५७ मध्ये पोहोचली, तेव्हा सिद्दी जंजिऱ्यावर कैक वर्षे नांदत होता. जो दावा युक्तिवादाने मांडला असता तर वादविषय झाला असता तो उपमेच्या पोटात बिनविरोध शिरला आहे. आणि उंदीर म्हणून संबोधलेल्या या शत्रूचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले, हीही गोष्ट त्या उपमेच्या शेजारी मांडून ठेवावी लागते.

बखर ही घडून गेलेल्या गोष्टीची कथा असते. पत्र घडत असलेल्या गोष्टीत हात घालते. म्हणून पत्रांतील तुलना आखूड व कामापुरत्या असतात. १६७० नंतरच्या दशकात प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास महाराजांनी पाठविलेले पत्र याचा उत्तम नमुना आहे. आरमाराच्या सरदारांना ठरलेली रसद व पैका सुभेदाराने वेळेवर पोहोचविला नाही, त्यामुळे पद्मदुर्गाच्या मदतीस जाणारे आरमार खोळंबले, असा प्रसंग. (हा पद्मदुर्ग मुरूडजवळचा, मालवणच्या पद्मगडाशी त्याची गल्लत होऊ नये.) पत्राचा बहुतेक भाग जाब विचारण्यात गेला आहे. त्यात पद्मदुर्गाचे महत्त्व सांगावयास एकच कल्पना पुरली आहे : शत्रूच्या छातीवर त्याच्याच ठाण्याचा जोड उभा केलेला आहे. सुभेदारास सागरी युद्धशास्त्र शिकविण्याचे कारण नव्हते. छातीवर बसलेला माणूस जराही ढिला पडला तर खालचा उलथून टाकतो, आणि वर बसलेल्यास धान्य न मिळाले तर तो ढिला पडतो. रसद का पाठवावयाची याचे उत्तर त्या एका कल्पनेत आले. तेथे दुसरे रूपक जोडले असते तर पत्राची धार गेली असती.

या पत्रव्यवहाराशी निगडित असलेली आणखी एक उपमा येथे सांगण्याजोगी आहे. महाराजांच्या संस्कृत राजमुद्रेत त्या मुद्रेची तुलना शुक्ल प्रतिपदेच्या वाढत्या चंद्रकलेशी केली आहे. आज्ञेच्या कागदावर उमटणारी ही उपमा म्हणजे एक प्रकारे दस्तऐवजाचा भाग होय. तिचा साधारणधर्म वृद्धी. घाटावर ही उपमा पूर्ण आहे. मालवणच्या बंदरात मात्र चंद्राचा हिशेब दुहेरी असतो : अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि पुढे अष्टमीकडे जाताना पाण्याचा जोर कमी होत भांग लागतो. म्हणजे प्रतिपदेनंतर कला वाढत असते त्या दिवसांत भरती उतरत असते. यामुळे उपमा खोटी ठरत नाही, कारण तिने प्रकाश घेतला आहे, पाणी घेतलेले नाही. प्रत्येक उपमानात घेण्याचा एक अंश असतो आणि सोडून देण्याचे पुष्कळ अंश असतात. कोणता अंश सोडावयाचा हे लेखक व वाचक यांच्या समाईक समजुतीवर अवलंबून राहते. समजूत बदलली की उपमानही बदलते.

ज्ञान देणाऱ्या तुलनेचे मराठी गद्यातील सर्वांत प्रौढ उदाहरण आज्ञापत्रात आहे. १७१५ मध्ये करवीरच्या संभाजी महाराजांच्या नावाने निघालेल्या या राजनीतिपर ग्रंथाचे कर्तृत्व सामान्यतः रामचंद्रपंत अमात्यांकडे दिले जाते. त्याचा काळ लक्षात घेतल्यावाचून त्यातील आरमारविषयक प्रकरणाची निकड समजत नाही. राज्याचे दोन भाग झालेले. कान्होजी आंग्रे हा मराठ्यांचा सर्वांत समर्थ दर्यावर्दी बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने शाहू महाराजांच्या पक्षास नुकताच मिळालेला. करवीरकरांकडे मालवणचा सिंधुदुर्ग होता, पण आरमाराचे मुख्य बळ हातचे गेले होते. पन्हाळ्यावरच्या दरबारात आरमारावर पैसा खर्च करावा की तो घोडदळाकडे वळवावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात उभा राहावा अशी ही वेळ. अशा वेळी अमात्य दोन तुलना योजितात.

पहिली तुलना ‘अंग’ या एका शब्दात आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग होय, असे प्रतिपादन केले आहे. राज्यास सप्तांग कल्पिण्याची रीत कौटिल्याच्या अर्थशास्त्राइतकी जुनी. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र ही ती सात अंगे. त्यांत आरमार नाही. अर्थशास्त्रात नावध्यक्षाचे प्रकरण आहे खरे, पण त्या अधिकाऱ्याचा संबंध मुख्यतः जकात, घाट आणि तरी यांच्याशी. आज्ञापत्रकाराने नवे शास्त्र लिहिले नाही. जुन्या शरीर-रूपकात आणखी एका अवयवास जागा करून दिली. अवयव म्हटला की त्याचे पोषण करणे ही मेहेरबानी राहत नाही, आणि तो तुटला तर उरलेले शरीर पंगू होते. दंडात आरमार समाविष्ट आहे, निराळा खर्च कशास, असे म्हणणाऱ्यास हे उत्तर आहे.

दुसरी तुलना चार पदांची आहे. ज्याच्यापाशी घोडदळ त्याच्या हाती भूमी. त्याचप्रमाणे ज्याच्यापाशी आरमार त्याच्या हाती समुद्र. ॲरिस्टॉटलने रूपकाच्या प्रकारांत प्रमाणावर आधारलेल्या रूपकाचा निर्देश केला आहे : दिवसाशी संध्याकाळचे जे नाते तेच आयुष्याशी वार्धक्याचे. आज्ञापत्रातील तुलना याच घडणीची आहे. तीत जहाज घोड्यासारखे दिसते असे म्हटलेले नाही, समुद्र जमिनीसारखा आहे असेही नाही. दोन वस्तूंचे साम्य नसून दोन नात्यांचे साम्य आहे. गवयाच्या दृष्टांतातील वनवासी जे करतो तेच अमात्य करतात : ऐकणाऱ्याच्या मनात पक्के बसलेले एक नाते उचलून ते अपरिचित प्रदेशात नेऊन ठेवतात. घोडदळावाचून मुलूख राखता येत नाही, हे पटविण्याची पन्हाळ्यावर आवश्यकता नव्हती. ते मान्य असेल तर आरमाराचा खर्चही मान्य करावा लागतो.

पण आज्ञापत्राची खरी योग्यता तुलना करण्यात नसून ती वेळीच सोडण्यात आहे. घोडदळाचे उपमान पुढे ताणले असते तर मोठा अनर्थ झाला असता. घोडा मोठा व उमदा तितका चांगला. त्या न्यायाने जहाजही मोठे तितके चांगले, असा निष्कर्ष निघाला असता. अमात्य तेथे उपमान टाकून देतात आणि समुद्राच्याच भाषेत बोलू लागतात. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी थोर तारवे बांधण्याच्या भरीस पडू नये. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा असावा. पावसाळ्यात आरमार दरवर्षी एकाच बंदरी ठेवू नये, नाहीतर तेथल्या रयतेस उपद्रव होतो. यांतील एकही सूचना घोड्याच्या तुलनेतून निघत नाही. तुलनेने दार उघडले. आतील सामान अनुभवाचे आहे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत याच्या उलट प्रकार पुष्कळ आढळतो. एखादे आकर्षक साम्य सापडले की त्याच्या प्रत्येक अवयवाला इतिहासात जोड शोधण्याचा मोह होतो, आणि शेवटी पुराव्याऐवजी उपमानच निष्कर्ष सांगू लागते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रगुप्ताच्या बखरीत सिंधुदुर्गाचे वर्णन आले आहे. येथे वातावरण पार पालटलेले दिसते. सभासदाने एका रूपकावर भागविले. चित्रगुप्त उपमानांची रासच घालतो. सिंधुदुर्ग हा आकाशातला तारा, घराची शोभा वाढविणारे तुळशीवृंदावन, राज्याचा अलंकार, टोपीकरांच्या छातीवरची शिवलंका आणि चौदा रत्नांनंतरचे पंधरावे रत्न. एकापुढे एक ही मालिका वाचताना पुष्कळ अभ्यासक तिला बखरीतला फुलोरा म्हणून बाजूस सारतात. तसे करणे न्याय्य नाही. आणि ती सरसकट गौरवावी अशीही नाही. प्रत्येक उपमान निराळे तोलले पाहिजे. आकाशातील तारा हे कोणत्याही किल्ल्यास, कोणत्याही राजपुत्रास लावता येईल असे उपमान. त्यात सिंधुदुर्गाचे विशेष असे काही नाही. अलंकाराचीही तीच गत. तुळशीवृंदावन मात्र नेमके आहे. कोकणातल्या घरापुढे अंगणात वृंदावन असते. घरापासून वेगळे, चौथऱ्यावर उंच, आणि घरात येणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडणारे. मालवणच्या बंदरात शिरताना सिंधुदुर्ग असाच पुढ्यात येतो. ज्याने ही उपमा बसविली त्याने ते स्थळ पाहिलेले असावे, किंवा पाहिलेल्या मनुष्याकडून ऐकलेले असावे.

पंधरावे रत्न हे उपमान विद्वत्तेचे आहे, तरी त्यातही जागेचे भान आहे. कारण चौदाही रत्ने समुद्रातून वर आलेली, आणि हा किल्लाही समुद्रातून वर आलेला. (त्या चौदांत उच्चैःश्रवा हा घोडाही आहे. घोडा आणि समुद्र यांचे सख्य पुराणांइतके जुने म्हणावयाचे.) शिवलंका या उपमानात मोठी जोखीम आहे. बेट, दुर्ग, दुर्गमता एवढाच अंश घेतला तर ते उत्कृष्ट आहे. पण लंका म्हटले की तिचा धनी आठवतो, आणि ती पडली हेही आठवते. बखरकाराचा वाचक रामकथेत वाढलेला. त्याने नको तो अंश आपण होऊन गाळला असणार. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून घेतला, तेव्हा तो गाळलेला अंश कोणास आठवला असल्यास नवल नाही.

इंग्रजांनी त्या वेळी किल्ल्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. नामकरण हीदेखील एक प्रकारची तुलनाच असते. स्थळावर दूरच्या वैभवाची छाया पाडण्याचा तो प्रयत्न. येथे तो पूर्णपणे फसला. ऑगस्टस या शब्दाने इंग्रज कारकुनाच्या मनात जे काही उभे राहत असेल त्याचा लवलेशही मालवणात उभा राहू शकत नव्हता. उपमान वक्त्यास माहीत, श्रोत्यास नाही. वामनाच्या यादीत या दोषास स्वतंत्र नाव नसले तरी गद्यात याहून घातक दोष नाही. पुढच्याच वर्षी किल्ला करवीरकरांकडे परत गेला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे आले, तरीही ते नाव लोकांच्या तोंडी बसले नाही.

बखरींवर विश्वास ठेवावा की नाही, या वादाचा येथे थोडा संबंध पोहोचतो. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत बखरींतील चुका दाखवून अस्सल पत्रांना अग्रमान दिला. घटना, तिथी आणि संख्या यांच्यापुरता तो निर्णय योग्यच होता आणि आजही आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, बखरीतला मजकूर तपासून घ्यावयाचा आणि भाषा टाकून द्यावयाची, अशी पद्धत पडली. वास्तविक बखरकाराची तिथी चुकेल, संख्या फुगेल. पण तो कोणते उपमान निवडतो हे त्याला खोटे सांगता येत नाही. जिंजीच्या सभासदाने समुद्रासाठी पालाण निवडले यावरून आरमाराचे सामर्थ्य किती होते हे सिद्ध होत नाही. समुद्राकडे पाहण्याची दरबारची दृष्टी कोणती होती, हे मात्र त्यावरून दुसऱ्या कोणत्याही साधनापेक्षा स्पष्ट कळते. ज्या पत्रांना राजवाड्यांनी मान दिला त्यांतही रूपके आहेतच, हे वर दिसून आले आहे; तेव्हा रूपक आले म्हणजे पुरावा गेला, हा समजही टिकत नाही.

अर्वाचीन लेखनातील रूपकांना हाच निकष लावला पाहिजे. शिवछत्रपतींना भारतीय आरमाराचे जनक म्हणण्याची प्रथा आता रूढ आहे. २०२३ चा नौदल दिन मालवणच्या किनाऱ्यावर साजरा झाला तो याच भावनेने. आदर व्यक्त करण्यास हे रूपक शोभते. इतिहासाच्या प्रबंधात मात्र जनक म्हणताच वंश सिद्ध करावा लागतो, आणि पूर्वीच्या चोळांच्या किंवा कालिकतच्या झामोरिनाच्या जहाजांचे नाते काय, हा प्रश्न अंगावर येतो. आज्ञापत्रकाराने तो मार्ग टाळला होता. त्याने आरमाराचा जनक शोधला नाही. त्याचे राज्यशरीरातील स्थान दाखविले.

आज्ञापत्रातील एका उपमेच्या वाट्याला आलेले भाग्य येथे नोंदविण्याजोगे आहे. आरमारासाठी लाकूड कोठून आणावे याविषयी त्या प्रकरणात तपशीलवार सूचना आहेत. सागासारखे लाकूड सरकारी रानांतून परवानगीने तोडावे, परंतु रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नसतात, लोकांनी ती पोटच्या मुलांप्रमाणे जपून वाढविलेली असतात. ही उपमा प्रमाण आणि अलंकार या दोन्ही कोटींत बसते. ती मनास हालविते, आणि त्याच वेळी एक हिशेबही सांगते : काळ, श्रम आणि आशा यांची जी गुंतवणूक मुलात असते तीच झाडात असते, म्हणून दामाने तिची भरपाई होत नाही. त्यापुढे दुसऱ्यास दुःख देऊन केलेले कार्य कर्त्यासह बुडते, असा इशारा आहे. गलबतांच्या प्रकरणात बुडण्याचा शब्द यावा यात योजकता असो वा नसो, तो चपखल बसला आहे. हा मजकूर आज भाषणांत आणि भिंतींवरच्या फलकांवर शिवछत्रपतींचे पत्र म्हणून आढळतो. वस्तुतः तो त्यांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनी लिहिल्या गेलेल्या आज्ञापत्रातला आहे. फलकावर मुलांची उपमा राहिली, आरमार गळले; आणि त्याच परिच्छेदातील पुढची तरतूदही गळली, की एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल तर धन्यास राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने ते तोडून न्यावे.